फोटोशॉप यायच्या ६३ वर्षं आधी या गड्यानं फिल्टर बदलला आणि फोटोतलं आकाश काळं करून टाकलं

घरच्या गणपतीचा फोटो असो, हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचा असो नाहीतर कॉलेजच्या गेटवरचा. फोटो काढला आणि तसाच्या तसा स्टोरीला टाकला असं करणारा माणूस आज शोधूनही सापडायचा नाही. आधी एडिटमध्ये जायचं. एक्स्पोजर जरा वाढवायचं, कॉन्ट्रास्ट चढवायचा, हायलाइट्स खाली ओढायचे, शॅडोज वर ढकलायचे. तेवढ्यानं मन भरलं नाही तर एखादा फिल्टर मारायचा आणि मग पोस्ट करायचं.

मग कमेंटमध्ये एकजण हमखास येतो आणि फोटो एडिट केलाय म्हणून नाक मुरडतो. त्याचं म्हणणं असं की खरा फोटो म्हणजे कॅमेऱ्यातून निघाला तसाच. बाकी सगळी भेसळ.

आता गंमत बघा. निसर्गाचा फोटो म्हटलं की जगभरातले फोटोग्राफर ज्याचं नाव आदरानं घेतात, त्या माणसाचे गाजलेले फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे नव्हतेच. तो फिल्टर वापरायचा. फोटोचा एक कोपरा उजळ करायचा, दुसरा गडद करायचा. एकदा तर त्यानं डोंगरावरची दोन अक्षरंच फोटोतून गायब केली होती.

आणि हे सगळं त्यानं कॉम्प्युटरशिवाय केलं. कारण तो वारला १९८४ साली आणि फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली.

त्याचं नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स.

शाळेत न टिकलेलं पोरगं

अ‍ॅन्सेलचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. आईवडिलांचं एकुलतं एक लेकरू. वय वर्षं ४ असताना, म्हणजे १९०६ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत तो प्रसिद्ध भूकंप झाला. मुख्य धक्क्यातून पोरगं सुखरूप वाचलं, पण नंतरच्या एका धक्क्यानं ते बागेच्या भिंतीवर आदळलं आणि नाक मोडलं. ते नाक आयुष्यभर वाकडंच राहिलं.

घरचा धंदा लाकडाचा होता. १९०७ मध्ये अमेरिकेत मोठं आर्थिक संकट आलं आणि घरची श्रीमंती हळूहळू ओसरली. त्यात हे पोरगं शाळेत एका जागी बसायला तयार नाही. या शाळेतून त्या शाळेत असं करून झालं आणि शेवटी वयाच्या १२व्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढून घरीच शिकवायला सुरुवात केली.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. वडिलांनी पोराला त्याचा वर्षभराचा पास काढून दिला. अ‍ॅन्सेलची त्या वर्षातली बरीचशी शाळा या प्रदर्शनातच भरली.

याच काळात तो पियानो शिकायला लागला आणि त्यात असा रमला की पुढे पियानोवादकच व्हायचं हे जवळपास ठरून गेलं. ही पियानोची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९१६ मध्ये घरचे लोक कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात सुट्टीला गेले. उंचच्या उंच ग्रॅनाइटचे कडे, धबधबे, जंगलं. तिथं वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा साधा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. पोरगं योसेमिटीच्या प्रेमातच पडलं. त्यानंतर मरेपर्यंत एकही वर्ष असं गेलं नाही की तो तिथं गेला नाही.

पुढे तो सिएरा क्लब या निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या संस्थेत गेला. उन्हाळ्यात योसेमिटीतल्या क्लबच्या वास्तूची राखण करायची आणि डोंगर पालथे घालायचे हा त्याचा उद्योग. पियानोचा सराव करायला खोऱ्यात तो एका चित्रकाराच्या स्टुडिओत जायचा. त्या चित्रकाराची पोरगी व्हर्जिनिया बेस्ट. १९२८ मध्ये दोघांचं लग्न झालं.

शेवटच्या दोन प्लेटा आणि लाल काच

लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तारीख १० एप्रिल १९२७. अ‍ॅन्सेल, व्हर्जिनिया आणि काही मित्र बर्फातून चढत योसेमिटीतल्या एका सुळक्याच्या कडेवर पोचले. समोर होता हाफ डोम. मधोमध चिरल्यासारखा दिसणारा, दरीच्या तळापासून १४०० मीटरहून जास्त उंच असा दगडाचा घुमट.

तेव्हा मेमरी कार्ड नव्हतं. जड लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा पाठीवर टाकून न्यायच्या. एक प्लेट म्हणजे एक फोटो. निघताना अ‍ॅन्सेलकडे १२ प्लेटा होत्या. हाफ डोमसमोर उभा राहिला तेव्हा उरल्या होत्या फक्त दोन.

पहिल्या प्लेटवर त्यानं पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. त्या काळात निसर्गाचे फोटो काढणारे सर्रास हाच फिल्टर लावायचे. पण फोटो घेतल्या घेतल्या त्याच्या लक्षात आलं की हे काही खरं नाही. डोळ्यासमोरचा कडा अंगावर येतोय आणि फोटोत तो नुसता छान दिसणार. आकाश फिकट करडं येणार आणि कड्याची दहशत निघून जाणार.

मग त्यानं पिवळी काच काढली, गडद लाल काच लावली आणि शेवटची प्लेट घातली. लाल काच बराच उजेड अडवते, म्हणून एक्स्पोजर द्यावं लागलं ५ सेकंदांचं.

आता लाल काचेनं नेमकं होतं काय? फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी समोरचं जग रंगीत असतं. फिल्टर म्हणजे गाळणी. लाल काच लाल उजेड आत सोडते आणि निळा अडवते. आकाश निळं, म्हणजे आकाशाचा उजेड प्लेटपर्यंत पोचतच नाही. जिथं उजेड पोचत नाही तो भाग छापल्यावर काळा येतो. निळ्या आकाशाचा उजेड पडलेल्या सावल्याही अशाच गडद होतात.

त्यामुळं त्या फोटोत भरदिवसाचं आकाश जवळजवळ काळं आलं आणि त्यापुढं कडा एखाद्या भिंतीसारखा उभा राहिला. मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम या नावानं तो फोटो अजरामर झाला.

तुमच्या मोबाईलमधल्या स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टूल उघडलंत तर लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा असे फिल्टर दिसतात. रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना हे कशाला दिलेत, असा प्रश्न अनेकांना पडतो. तर ती अ‍ॅन्सेलच्या खिशातलीच काच आहे. लाल निवडून बघा, आकाश झटक्यात गडद होतं.

फरक एवढाच की आज आपण आधी फोटो काढतो आणि मग कुठला फिल्टर बरा दिसतोय ते सरकवत बघतो. अ‍ॅन्सेलकडे एकच प्लेट उरली होती. त्याला शेवटचा फोटो डोक्यात आधी बघावा लागला आणि मग काच निवडावी लागली. या सवयीला त्यानं पुढं व्हिज्युअलायझेशन म्हटलं आणि आयुष्यभर पोरांना तेच शिकवलं.

ब्यूटी फिल्टरविरुद्ध बंड

त्या काळातही ब्यूटी फिल्टरसारखा प्रकार होता बरं का. फोटोला कला मानायला लोक तयार नव्हते, म्हणून फोटोग्राफर फोटोला चित्रासारखं दाखवायचा प्रयत्न करायचे. मुद्दाम धूसर दिसणारी लेन्स वापरायची, खरबरीत कागदावर छापायचं, वरून ब्रशनं हात मारायचा. या पद्धतीला पिक्टोरियलिझम म्हणायचे. अ‍ॅन्सेलनंही तरुणपणी हे प्रयोग केले होते.

१९३० मध्ये न्यू मेक्सिकोत त्याची गाठ फोटोग्राफर पॉल स्ट्रँडशी पडली. स्ट्रँडनं त्याला आपल्या निगेटिव्ह दाखवल्या. त्या बघून अ‍ॅन्सेलनं ठरवलं की पियानो बाजूला, आता फोटोच.

१९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम, विलर्ड व्हॅन डाइक अशा मंडळींबरोबर त्यानं एक गट काढला. नाव ग्रुप एफ/६४. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं अगदी बारीक छिद्र म्हणजे एफ/६४. छिद्र जितकं बारीक, तितका पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळा फोटो स्पष्ट. गटाचं म्हणणं सरळ होतं, फोटोनं फोटोसारखं दिसावं, चित्राची नक्कल करू नये.

इथं अनेकांचा गोंधळ होतो. धूसर फोटोविरुद्ध बंड करणारा माणूस स्वतः फिल्टर लावतो, फोटो कमीजास्त उजळ करतो, मग हे दुटप्पी नाही का?

अ‍ॅन्सेलच्या लेखी नव्हतं. कॅमेऱ्याला माणसासारखं दिसत नाही. आपला डोळा कडक उन्हात उभं राहूनही झाडाच्या सावलीतलं मांजर बघतो. फिल्मला ते जमत नाही, तिथं एकतर ऊन पांढरं फटक पडतं नाहीतर सावली काळी ठिक्कर. म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला फोटो खरा हे गृहीतच कच्चं आहे. उजेड कमीजास्त करणं हे त्याच्यासाठी जे दिसलं आणि जे वाटलं त्याच्या जवळ जाणं होतं.

फोटोंमुळं जंगल वाचलं

या सगळ्याचा नुसत्या प्रदर्शनांपलीकडेही उपयोग झाला. कॅलिफोर्नियातल्या किंग्ज नदीच्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यान करावं म्हणून सिएरा क्लब झगडत होता. खोऱ्यावर धरणवाले आणि धंदेवाले दोघांचाही डोळा होता. १९३६ मध्ये क्लबनं अ‍ॅन्सेललाच वॉशिंग्टनला पाठवलं. हा गडी फोटोंची चळत घेऊन खासदारांच्या दारोदार फिरला.

काम लगेच झालं नाही. १९३८ मध्ये त्याचं सिएरा नेवाडा, द जॉन म्युर ट्रेल हे पुस्तक निघालं. त्याची एक प्रत गृहखात्याचे मंत्री हॅरल्ड इकिस यांच्याकडे गेली. इकिस यांनी ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना दाखवली आणि रूझवेल्ट यांनी ती ठेवूनच घेतली. १९४० मध्ये किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झालं.

तिथले डोंगर न बघितलेल्या माणसांना या फोटोंनी ते डोंगर महत्त्वाचे वाटायला लावले. आकाश थोडं गडद होतं म्हणून डोंगर खोटे ठरले नव्हते.

११ पायऱ्यांचा जिना

१९४० च्या सुमारास अ‍ॅन्सेल लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत होता. तिथं त्यानं फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर एक पद्धत बसवली, झोन सिस्टिम.

कल्पना सोपी आहे. काळ्या कुट्टपासून पांढऱ्या शुभ्रपर्यंत ११ पायऱ्या करायच्या, ० ते १०. ० म्हणजे ठार काळं, १० म्हणजे कोरा कागद, मधली ५ म्हणजे मधला करडा. एक पायरी चढली की उजेड दुप्पट. मग समोरचं दृश्य बघून ठरवायचं की सावलीतला दगड कुठल्या पायरीवर बसवायचा आणि ढग कुठल्या.

सावलीची पायरी एक्स्पोजरनं ठरायची. फिल्मवर उजेडच पडला नाही तर पुढं तिथं काही आणता येत नाही. उजळ भागाची पायरी मात्र फिल्म रसायनात किती वेळ ठेवली यावर ठरायची. कमी वेळ ठेवली की ढग आटोक्यात राहायचे, जास्त ठेवली की कॉन्ट्रास्ट चढायचा.

ओळखीचं वाटतंय? शॅडोज आणि हायलाइट्स असे दोन वेगळे स्लायडर आज आपण बोटानं सरकवतो, त्यामागचा विचार हाच. एडिट करताना डोंगरासारखा दिसणारा हिस्टोग्राम असतो, तोही हेच सांगतो. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, मध्ये करडं आणि कुठल्या पायरीवर किती गर्दी आहे. गर्दी उजव्या भिंतीला चिकटली की समजायचं, ढगातला तपशील गेला.

एक फरक तेवढा आहे. फिल्ममध्ये सावली गेली की हाती काही लागत नाही. डिजिटलमध्ये उलटं, ढग पांढरा फटक झाला की कुठलाही स्लायडर त्याला परत आणत नाही. म्हणून मोबाईलवर उन्हात फोटो काढताना जरा गडदच काढावा आणि शॅडोज नंतर उचलाव्यात.

लाइट मीटर सापडेना आणि चंद्र थांबेना

१ नोव्हेंबर १९४१. अ‍ॅन्सेल न्यू मेक्सिकोत दिवसभर फिरून गाडीनं परत येत होता. बरोबर ८ वर्षांचा मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट. हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ त्याला दिसलं की पूर्वेला चंद्र उगवलाय आणि मावळतीचा शेवटचा उजेड कबरस्तानातल्या पांढऱ्या क्रूसांवर पडलाय.

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घातली आणि तिघांची धावाधाव सुरू झाली. मोठा कॅमेरा उभा राहिला, पण उजेड मोजायचं मीटर काही सापडेना. सूर्य तर ढगाआड चाललेला. तेवढ्यात त्याला आठवलं की पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राचा उजेड किती असतो तो आकडा आपल्याला पाठ आहे. त्यानं चंद्राला एका पायरीवर बसवलं, तोंडी हिशेब केला आणि एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. खबरदारी म्हणून दुसरा फोटो घ्यायला फिल्म उलटवेपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला.

एकच निगेटिव्ह. त्याचं नाव मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको.

तारखा लक्षात ठेवण्यात अ‍ॅन्सेल कच्चा होता. या फोटोवर त्यानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सालं टाकली. शेवटी खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून गणित मांडून वरची तारीख काढली.

पण ती निगेटिव्ह अवघड होती. साधी छापली तर आकाशात फिकट ढगांचे पट्टे आणि खाली गाव मरगळलेलं. खरं काम सुरू व्हायचं ते डार्करूममध्ये.

डार्करूममध्ये निगेटिव्हमधून खाली कागदावर उजेड पाडतात. जिथं जास्त वेळ उजेड पडेल तो भाग गडद होतो. एखादा भाग उजळ हवा असेल तर तारेला पुठ्ठ्याची गोल चकती लावून ती उजेडाच्या मध्ये धरायची. हे झालं डॉजिंग. एखादा भाग गडद हवा असेल तर बाकीचा कागद झाकून तेवढ्याच भागावर जास्त वेळ उजेड पाडायचा, कधी भोकाच्या पुठ्ठ्यातून, कधी हाताच्या ओंजळीतून. हे बर्निंग. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटतात आणि चोरी पकडली जाते.

मूनराइजमध्ये अ‍ॅन्सेल आकाश बर्न करायचा, क्रूस जपायचा. १९४८ मध्ये त्यानं निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून गावात जान आणली. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये ढग दिसायचे, पुढच्या दशकांत आकाश काळं होत गेलं. एकाच निगेटिव्हच्या हजाराहून जास्त प्रिंट त्यानं स्वतः काढल्या आणि त्या सगळ्या काही एकसारख्या नाहीत. २००६ मध्ये यातली एक प्रिंट लिलावात ६ लाख डॉलरच्या वर गेली.

इथं पियानो परत येतो. अ‍ॅन्सेलच्या मते निगेटिव्ह म्हणजे संगीतकारानं कागदावर लिहून ठेवलेलं स्वरलेखन आणि प्रिंट म्हणजे मैफल. स्वर तेच, पण तरुणपणी वाजवलेलं आणि म्हातारपणी वाजवलेलं एकसारखं कसं असेल? आपल्याकडं एकाच गायकानं गायलेला यमन दोन मैफलींत वेगळा लागतो, तसंच काहीसं.

मग त्यानं दोन अक्षरं पुसली

आता येऊ वादाच्या फोटोकडे.

दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबलं. यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. अशी एक छावणी कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी होती, मान्झनार. छावणीचा प्रमुख अ‍ॅन्सेलचा ओळखीचा. १९४३ मध्ये अ‍ॅन्सेल तिथं फोटो काढायला गेला.

याच कामासाठी फिरताना १९४४ च्या हिवाळ्यात त्याला जवळच्या लोन पाइन गावाहून सूर्योदयाचा फोटो हवा होता. कडाक्याच्या थंडीत चार पहाटा फुकट गेल्या, पाचव्या दिवशी जमलं. मागं उन्हात चमकणारी बर्फाची शिखरं, मध्ये काळ्या टेकड्या, पुढं कुरणात उन्हाच्या तिरिपेत चरणारा एक घोडा.

फक्त एक भानगड होती. लोन पाइनच्या शाळेतल्या पोरांनी टेकडीवर चुन्यानं पांढरी केलेली दगडं रचून एल आणि पी अशी भली मोठी अक्षरं काढली होती. ती फोटोत येत होती. अ‍ॅन्सेलनं ती पुसून टाकली. आज आपण हीलिंग ब्रशनं मागून चाललेला माणूस उडवतो ना, अगदी तसंच.

त्यानं हे लपवलं नाही. पुढं स्वतःच्या पुस्तकात त्यानं उघडपणे लिहिलं की ती अक्षरं त्याला निसर्गावरचा ओरखडा वाटली आणि तो काही इतका सोवळा नाही की तो ओरखडा जपून ठेवावा. अनेकांना हे पटलं नाही. आकाश गडद करणं वेगळं आणि जे होतं ते नाहीसं करणं वेगळं, असं म्हणणारे आजही आहेत. त्यांच्या म्हणण्यात दम आहे. गडद आकाश म्हणजे बघणाऱ्याचा भाव, पण गायब अक्षरं म्हणजे त्या जागेबद्दल दिलेली चुकीची माहिती.

पण त्याच दिवसांत मान्झनारमध्ये याहून मोठं एडिटिंग झालं होतं आणि त्यात एकही ब्रश लागला नव्हता.

छावणीचे पहारेकरी, टेहळणीचे मनोरे आणि काटेरी कुंपण यांचे फोटो काढायला मनाई होती. अ‍ॅन्सेलनं शेतात राबणारी, शाळेत शिकणारी, कॅमेऱ्याकडे थेट बघणारी माणसं टिपली. अन्यायातही ही माणसं ताठ उभी आहेत हे त्याला दाखवायचं होतं. युद्ध सुरू असताना, १९४४ मध्ये, त्यानं ते फोटो बॉर्न फ्री अँड इक्वल या पुस्तकात छापले. जपानी म्हटलं की लोकांचं डोकं फिरायचं अशा काळात हे धाडसच होतं. पण कुंपण नसल्यामुळं फोटोतली छावणी काहींना फारच सुखी वाटली. पुढं त्यावर टीका झाली.

मान्झनारमध्ये डोरोथिया लँगनं १९४२ मध्येच फोटो काढले होते. त्यात हाल दिसत होते. ते फोटो लष्करानं युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. टोयो मियाताके हा कैदी असलेला फोटोग्राफर तर लेन्स लपवून आत घेऊन गेला होता आणि लाकडाचा कॅमेरा बनवून फोटो काढत होता.

म्हणजे बघा, लोन पाइनची दोन अक्षरं पुसली म्हणून वर्षानुवर्षं वाद झाला. पण अ‍ॅन्सेलच्या मान्झनारच्या फोटोंत एकही खोटी गोष्ट नव्हती, तरी कुंपण फ्रेमच्या बाहेर राहिलं आणि सांगितलेली गोष्ट बदलली. फोटो खरा की खोटा हे नुसत्या स्लायडरवरून कळत नाही ते यामुळं. काय उजळ केलं हे विचारावंच, पण काय फ्रेममध्ये घेतलंच नाही हेही विचारावं.

मान्झनारचे फोटो अ‍ॅन्सेलनं १९६५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. आज ते कुणालाही बघता येतात.

काच गेली, पुठ्ठा गेला, चिन्हं राहिली

उरलेलं आयुष्य अ‍ॅन्सेलनं फोटो काढण्यात, छापण्यात, शिकवण्यात आणि डोंगर वाचवण्यासाठी नेत्यांचं डोकं खाण्यात घालवलं. कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यावरची त्याची तीन पुस्तकं फोटोग्राफीची पाठ्यपुस्तकं झाली. आपली युक्ती त्यानं कधी मुठीत ठेवली नाही. कुठं किती सेकंद उजेड दिला हे तो आकड्यांसकट सांगायचा. १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत पृथ्वीची ओळख म्हणून जी चित्रं आहेत, त्यात त्याचा ग्रँड टिटॉनचा फोटोही आहे. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं.

म्हातारपणी नव्यानं लिहिलेल्या पुस्तकात त्यानं लिहून ठेवलं की पुढची मोठी उडी इलेक्ट्रॉनिक प्रतिमांची असेल आणि त्याला त्याची उत्सुकता आहे. २२ एप्रिल १९८४ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी तो गेला.

त्यानंतर तीन वर्षांनी थॉमस नॉल या तरुणानं एक प्रोग्राम लिहायला घेतला आणि पुढं भाऊ जॉन सोबत आला. या भावांच्या वडिलांनी घराच्या तळघरात डार्करूम केलेली होती. प्रोग्रामचं नाव फोटोशॉप. त्यात डॉज टूलचं चिन्ह आहे काडीवरची गोल चकती आणि बर्न टूलचं चिन्ह आहे वाकवलेली मूठ. अनेकांना ती चकती लॉलीपॉप वाटते. पण ती तीच, अंधाऱ्या खोलीत हलणारी पुठ्ठ्याची चकती.

गोष्ट इथंच संपत नाही. २०२४ मध्ये अ‍ॅन्सेलच्या कामाचे हक्क सांभाळणाऱ्या मंडळींनी अ‍ॅडोबीवर जाहीर नाराजी दाखवली. अ‍ॅडोबीच्या फोटो विकण्याच्या वेबसाइटवर एआयनं बनवलेली चित्रं अ‍ॅन्सेलचं नाव लावून विक्रीला होती. बोंबाबोंब झाल्यावर ती काढली गेली. त्या चित्रांत काळं आकाश होतं, चमकणारे डोंगर होते, सगळं होतं. पण त्या डोंगरासमोर कुणीच उभं राहिलं नव्हतं.

तिकडं योसेमिटीत मात्र व्हर्जिनियाच्या वडिलांचा तो जुना स्टुडिओ अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स गॅलरी म्हणून चालू आहे. अ‍ॅन्सेलनं हयातीतच ठरवून दिलं होतं की योसेमिटीच्या काही फोटोंच्या प्रिंट तिथं परवडणाऱ्या दरात मिळाव्यात. त्यासाठी त्याच्याच हाताखाली शिकलेला एक मदतनीस १९७५ पासून मूळ निगेटिव्ह लावून, हातानं चकती हलवत प्रिंट काढत आला आहे. कुठं डॉज करायचं आणि कुठं बर्न, हे अ‍ॅन्सेलनं शिकवल्याप्रमाणे.